टाळूची चाबी

चाबी हातून सुटली आणि नातीच्या घशात अडकली. पोरगी आठ वर्षांची, माझ्या पसरलेल्या पायांवर उताणी. आधी खोकली, मग खोकणंही थांबलं. मी तिला पालथी केली, डोकं खाली धरलं आणि पाठीत जोरात धपाटे घातले. चाबी फरशीवर पडली. पोरगी रडायला लागली. रडते म्हणजे श्वास आला.

सून धावत आली. "काय केलं, आत्याबाई?"

"माह्यं सोड. चाबीचा दोरा कोनं कापला, ते सांग."

चाबी सुटली तर ओढून काढता यावी म्हणून बांधलेला दोरा तिनेच कापला होता. ओला राहून वास मारतो म्हणे.

पोरगी सदा तोंड उघडं टाकून श्वास घ्यायची. झोपेत घोरायची, सकाळी उठली की जीभ कोरडी. शाळेत पोरं तिला मासोळी म्हणत. चिखलीच्या दातांच्या डॉक्टरने पाहिलं. टाळू अरुंद आहे, म्हणून नाकाची वाटही अरुंद, असं सांगितलं. टाळूला तारेचा साचा चिकटवला, मधे स्क्रू. स्क्रूच्या भोकात रोज बारीक चाबी घालून पुढून मागे फिरवायची, म्हणजे टाळू हळूहळू रुंद होतो.

सुनेचा हात थरथरतो, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी घरातल्या सगळ्या लेकरांना पायांवर घेऊन तेल लावलं, गुटी पाजली. हिलाही तसंच घेतलं, डोकं माझ्या पावलांकडे, उतरतं. तिथे सुटलेली चीज घशातच जाणार.

सून म्हणाली, "काढूनच टाकू ते."

डॉक्टर फोनवर म्हणाला, "मधेच काढलं तर टाळू परत आवळतो. उद्या पोरीला दाखवायला आणा. फिरवताना बसवून फिरवा, आणि दोरा कापू नका."

पण पोरगी तोंड उघडेना. जन्मात जिचं तोंड मिटलं नाही, ती दात आवळून बसली.

"हा बी इलाजच झाला," मी म्हटलं. सुनेला हसू आलं नाही.

शेवटी पोरगीच ओठांच्या फटीतून बोलली, "आजी, मले खुर्चीवर बसव. दोरा माह्या हातात दे."

सुनेने नवा दोरा बांधला. पोरीने तो बोटाला गुंडाळला आणि आ केला. चाबी फिरली.

टाळू रुंद होत गेला, तशी तिच्या समोरच्या दातांत फट पडली. शाळेत मासोळी जाऊन खिडकी नाव पडलं. फट नंतर भरून आली.

आता ती दहा वर्षांची आहे. तोंड मिटून झोपते.