स्वयंपाकघराच्या भिंतीचा पंचनामा

ती बाई ठाण्यात आली तो बाजाराचा दिवस मला अजून लख्ख आठवतो. मुखेडकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. बंदोबस्ताची वाटणी चालू असताना ती थेट टेबलापाशी आली आणि पदराची गाठ सोडून मूठभर राख माझ्यासमोर ठेवली. राखेच्या विटांच्या कारखान्यात ती मजूर होती.

"साहेब, ही राख भांडे घासायला घरी नेली तर हात सोलून निघाले. कशाची हाय बघा जरा."

ठाणे अंमलदार म्हणाला, "मावशी, फिर्याद कुणावर घेऊ? चुलीवर?"

मीही हसलो. वीज केंद्राच्या राखेच्या विटा चालतात, एवढं मला ठाऊक होतं. सगळी राख सारखीच, असं धरून मी म्हणालो, "सरकारी परवानगी असते, बाई. घाबरू नका." डायरीत नोंदही घेतली नाही.

अडीच महिन्यांनी नाकाबंदीत लातूरकडून आलेला राखेचा टिप्पर अडवला. कागदावर घातक कचऱ्याच्या डेपोचा पत्ता होता, गाडी मात्र त्याच कारखान्याकडे निघाली होती. राख दवाखान्यांचा कचरा जाळणाऱ्या भट्टीतली होती.

मालकाला चौकशीला बसवलं. "राख वीज केंद्राची हाय," हेच तो दोन तास सांगत राहिला. माणूस तेच वाक्य त्याच शब्दांत सांगू लागला, की ते पाठ केलेलं असतं. मी त्याच्याच कारखान्यातली वीट त्याच्यासमोर फोडायला लावली. आत इंजेक्शनची जळकी सुई निघाली.

"वीज केंद्रात सुया टोचतात का?"

त्याने मान खाली घातली. "राखेत राख मिसळली, साहेब. कोण चाळून बघतंय?"

नमुने सील करताना प्रदूषण मंडळाचे अधिकारी म्हणाले, "अशा राखेतलं विष आधी काढावं लागतं. मग तिच्यातून पाण्यात काय सुटतं ते तपासायचं. त्यात उतरली तरच ठरावीक बांधकामात वापरता येते." हा खटाटोप मालकाने केलाच नव्हता.

तडकलेल्या विटा त्याने मजुरांना फुकट वाटल्या होत्या. त्यांचा पंचनामा करत आम्ही त्या बाईच्या घरी पोचलो. स्वयंपाकघराची भिंत नवी होती. दीड वर्षाची नात खालचा पोपडा काढून चाटत बसली होती.

"हात सोलले तरी ह्याच विटा लावल्या?" मी विचारलं.

"तुम्हीच म्हणलाव की, सरकारी परवानगी असते."

हवालदार मुद्देमालासाठी वीट काढत होता. मी नातीच्या हातातला पोपडा काढून घेतला.

विटांमध्ये शिसं निघालं. नांदेडला तपासलं तेव्हा नातीच्या रक्तातही निघालं. मालकावर दोषारोपपत्र गेलं. भिंत पाडून द्यायची तरतूद कुठल्याच कलमात नव्हती. ती त्या बाईने आणि सुनेने दोन दिवस खपून पाडली.

मालक लोभी होता, त्याला कायदा आहे. पण खाकीतल्या माणसाने टेबलावरून सहज टाकलेला शब्द लोक परवाना समजतात, हे मला त्या घरात कळलं. राखेतलं मला काहीच कळत नव्हतं. 'माहीत नाही, विचारून सांगतो' एवढं म्हटलं असतं, तर तिने ती भिंत उभारली नसती.