समुद्र न दिसणारी ठिकाणं

तोक्योच्या फुनाबोरी भागातल्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक जपानी बाई एकट्याच राहायच्या. वय सत्तरीच्या आसपास. आम्ही घरात त्यांना ‘खालच्या काकू’ म्हणायचो. नवऱ्याची बँकेतून तोक्योला बदली झाली आणि आम्ही इथे आलो, त्या पहिल्याच आठवड्यात मी कचऱ्याची भलतीच पिशवी भलत्याच दिवशी खाली ठेवून आले. काकूंनी ती परत माझ्या दारात आणली. रागावल्या नाहीत. जिन्यात उकिडव्या बसून बाटल्यांची झाकणं वेगळी कशी काढायची ते त्यांनी मला करून दाखवलं. ओळख झाली ती अशी. माझं जपानी पुण्यात क्लास लावून शिकलेलं, पुस्तकी. त्या हसू दाबत ते सुधारायच्या.

जपानातल्या २०११च्या त्सुनामीला तेव्हा सात-आठ वर्षं होऊन गेली होती. काकू उत्तरेकडच्या किनाऱ्यावरून तोक्योला आल्या, एवढं इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यापलीकडे कुणी विचारत नसे. मीही नाही.

एकदा दुपारी त्या हातात छापील कागद घेऊन वर आल्या. त्यांची मुलगी ऑस्ट्रेलियात न्यूकॅसल नावाच्या गावी असते, तिला नुकतंच बाळ झालंय, आणि आता तरी आईनं यावं म्हणून ती हट्ट धरून बसली आहे, असं त्यांनी सांगितलं. आई कंटाळेल या धास्तीनं मुलीनं तिथल्या पर्यटन खात्याची माहिती छापून पाठवली होती. काय पाहावं, काय करावं, सगळं इंग्रजीत.

“वाचून सांगाल का?” त्यांनी विचारलं.

मी चहा टाकला आणि वाचायला बसले. बंदराच्या तोंडाशी टेकडीवर दीपगृह आहे. त्याच्या पायथ्यापासून थेट पाण्यात शिरणारा लांबलचक बांध आहे, लोक त्यावर सकाळ-संध्याकाळ फिरायला जातात. शंभर वर्षांपूर्वीचे पोहण्याचे हौद आहेत, अगदी खडकांना लागून, त्यांत समुद्राचंच पाणी खेळतं. कड्यावरून चालायला उंच पूल आहे. जुना किल्ला आहे, तोफा आहेत.

प्रत्येक जागेनंतर काकू एकच प्रश्न विचारत होत्या. “तिथून समुद्र दिसतो?”

“दिसतो की!” मी उत्साहानं सांगत होते. “इथून तर तिन्ही बाजूंनी दिसतो म्हणे.”

किल्ल्यापाशी आलो तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला. “समुद्र न दिसणारं काही आहे का हो तिथे?”

मी वर पाहिलं. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता, फक्त दोन्ही हात मांडीवर घट्ट धरलेले. मग त्यांनी सांगितलं. आवाज न चढवता, जिन्यात बाटल्यांबद्दल सांगितलं होतं तितक्याच सावकाश.

त्यांच्या नवऱ्याचं गावात केशकर्तनालय होतं. पुढे दुकान, मागे घर. भूकंप झाला तेव्हा दोघंही टेकडीवरच्या शाळेत धावले, वेळेत पोचले. तिथे माणसं मोजताना लक्षात आलं की शेजारचे म्हातारे आजोबा, ज्यांना चालता येत नव्हतं, ते खालीच राहिलेत. नवरा म्हणाला, “आलोच त्यांना घेऊन.” काकूंनी त्यांना जाताना पाहिलं. दोघांपैकी कुणीच परत आलं नाही, आणि दोघांपैकी कुणीच सापडलंही नाही.

“मुलगी तेव्हा ऑस्ट्रेलियातच शिकत होती,” काकू म्हणाल्या. “मग तिथेच लग्न केलं. मी लग्नाला गेले नाही. तिचं घर समुद्रापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. त्या दिवसापासून मी समुद्र पाहिलेला नाही. मासळीसुद्धा घरात आणत नाही. जगात इतकी गावं असताना ही पोरगी नेमकी तिथेच का राहते, मला कळत नाही.”

मी कागद पुन्हा उचलले आणि शोधायला लागले. गावाच्या आतल्या बाजूला एक रान होतं, तिथे झाडांवर कोआला बघायला मिळत. तासाभराच्या वाटेवर द्राक्षांचे मळे होते. एक चित्रसंग्रहालय होतं. मी ते एकेक वाचून दाखवलं. काकू मान डोलवत होत्या. “कोआला चालतील,” त्या म्हणाल्या.

तिकीट काढून झालं, बाळाचे कपडे विणून झाले, आणि निघायच्या थोडे दिवस आधी एका सकाळी त्यांनी माझी बेल वाजवली. अंगात कोट, डोक्यावर लोकरी टोपी. “कासाई भागातल्या बागेपलीकडे समुद्र आहे ना? माझ्याबरोबर येता?”

आम्ही बसनं गेलो. त्या बागेत मोठा आकाशपाळणा आहे, मुलांच्या सहली येतात. मी माझ्या मुलांना घेऊन कितीदा तरी गेले होते. काकू इतकी वर्षं त्याच भागात राहून एकदाही गेल्या नव्हत्या. झाडांमधून वाट संपते तिथे एकदम समोर पाणी येतं. काकूंनी माझ्या कोटाची बाही धरली आणि मान खाली घालून चालत राहिल्या. कठड्याशी पोचल्यावर मी सांगितलं, “आलो.”

त्यांनी मान वर केली. तोक्योचा समुद्र तसा गरीबच. करडा, सपाट, लाटा नावालाच. दूरवर बोटी उभ्या होत्या. वाळूत दोन लहान मुलं खणत होती आणि त्यांची आई पाठमोरी बसून फोनवर बोलत होती. काकू खूप वेळ पाहत राहिल्या. मग त्या बोलायला लागल्या, ते त्यांच्या गावाकडच्या बोलीत, मला जेमतेम कळेल अशा. “बघा कसा पडून राहिलाय. जसं काही केलंच नाही.”

पुन्हा एकदा तेच म्हणाल्या, या वेळी मोठ्यानं. कठड्याशी उभा असलेला एक माणूस वळून पाहू लागला आणि मग शिष्टाचार म्हणून दुसरीकडे बघायला लागला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. वाळूत उतरायला त्या तयार झाल्या नाहीत. आम्ही बाकावर पाण्याकडे पाठ करून बसलो आणि त्यांनी आणलेले भाताचे गोळे खाल्ले. आत लोणच्याचं आंबट फळ होतं. “खारट झालंय का?” एवढंच त्यांनी विचारलं.

त्या गेल्या. मला अधूनमधून फोटो यायचे. कोआला, द्राक्षांचे वेल, बाळाची मूठ. समुद्राचा एकही नाही. थंडी सरता सरता त्या परतल्या आणि बिस्किटांचा डबा घेऊन वर आल्या. तिकडे तेव्हा उन्हाळा; रंग उन्हानं रापला होता.

पहिले काही आठवडे ठरल्याप्रमाणे पार पडले होते. मुलगी रोज सकाळी पोहायला जायची, काकू घरी बाळाला सांभाळायच्या. एका सकाळी बाळ रडायचं थांबेना, मुलगी फोन उचलेना, म्हणून त्या त्याला छातीशी बांधून तिला शोधत निघाल्या. ते थेट त्या हौदांपाशीच. काठावर त्यांच्याच वयाच्या बायका टोप्या घालून गप्पा मारत होत्या. हौदाची पलीकडची भिंत म्हणजे समुद्राची कड. काकू पायरीवर उभ्या होत्या, तेवढ्यात एक मोठी लाट भिंतीवर आपटली आणि वरून आत आली.

“मी ओरडले,” काकू म्हणाल्या. “आणि पळाले. पायऱ्या चढून, रस्ता ओलांडून, समोरचा चढ चढत. मागे बघायचं नाही, वर जायचं, एवढंच कळत होतं. बाळाला इतकं घट्ट धरलं होतं की त्याच्या हातावर वळ उठले.”

मुलगी ओल्या अंगानं, अनवाणी मागे धावत आली. तिनं चढावर त्यांना गाठलं. दोघी फुटपाथवरच बसल्या. इतक्या वर्षांत वडिलांबद्दल त्या दोघी कधी बोलल्याच नव्हत्या; फोनवर फक्त हवा, जेवण, तब्येत. त्या दिवशी काकूंनी तिला विचारलं, “इथे का राहतेस तू? दुसरीकडे जा ना!”

मुलीनं सांगितलं की तिच्या नवऱ्याला आतल्या शहरात, समुद्रापासून लांब, चांगली नोकरी मिळत होती. तिनंच जाऊ दिलं नाही. “बाबा सापडले नाहीत ना आई,” ती म्हणाली. “म्हणजे ते पाण्यातच आहेत. पाणी तर सगळीकडे एकच. मी रोज सकाळी त्यांच्याजवळ जाते.”

काकूंनी बिस्किटांच्या डब्याचं झाकण लावलं. खाली कुणीतरी सायकल स्टँडवर लावल्याचा आवाज आला.

“मी पाण्याकडे पाठ करून बसले होते,” त्या म्हणाल्या, “आणि ती तिकडे रोज भेटायला जात होती.”

दुसऱ्या दिवशी त्या मुलीबरोबर गेल्या. भरती ओसरलेली होती. हौदाच्या उथळ कोपऱ्यात, जिथे लहान मुलं बसतात तिथे, मोजे काढून पाय सोडून बसल्या. नवऱ्याशी काय बोललात, असं मी विचारलं नसतं; त्यांनी आपणहून सांगितलं. “म्हटलं, केस वाढले असतील तुमचे. आता कोण कापतं?” आणि त्या हसल्या, डोळे पुसत. त्यानंतर निघेपर्यंत एकही सकाळ चुकवली नाही. लाट भिंतीवरून आली की अजून छातीत धस्स व्हायचं, पण उठून पळाल्या नाहीत.

पुढच्या वर्षी पानगळीत मुलगी नातवाला घेऊन जपानला आली. तिघं मिळून गावी गेली. माझी मुलं तेव्हा परीक्षेत होती, नाहीतर त्यांनी मलाही बोलावलं होतं. परतल्यावर काकू म्हणाल्या, दुकानाच्या जागी आता गवत आहे, फक्त जोत्याचं सिमेंट उरलंय. नातू तिथे मुलीच्या कडेवर झोपून गेला होता. आता किनाऱ्यावर उंच भिंत बांधलीय, समुद्र पाहायचा तर पायऱ्या चढून जावं लागतं.

“गुडघे दुखत होते,” त्या म्हणाल्या. “पण चढलो आम्ही.”