झोप न आणणारी गोळी

कुसगावच्या महिपतीचं आणि त्याच्या सख्ख्या भावाचं बांधावरून बारा वर्षं बोलणं बंद होतं. आणि गावातलं एकमेव मेडिकल नेमकं त्या भावाच्या सुनेचं, सारिकाचं.

महिपती शाळेची व्हॅन चालवायचा. दसरा सरला, डोंगरावरचं गवत वाळायला लागलं की त्याला शिंकांनी धरलंच म्हणून समजावं. नाक गळायचं, डोळे चुरचुरायचे. यंदा इतकं झालं, की नाइलाजानं तो सारिकाच्या दुकानाची पायरी चढला.

"ती पिवळी गोळी दे शिंकांची."

"तात्या, तिनं झोप येते. तुम्ही पोरं नेता. दुसरी देते, झोप न येणारी."

"मला शिकवू नको. तुज्या सासऱ्यानं सांगितलं असंल, ह्याला द्यायचं न्हाई म्हणून."

"त्यांचा काय संबंध? ती गोळी मिळणार नाही."

बाहेर पारावरची माणसं ऐकत होती. महिपती तिला नाही नाही ते बोलला आणि लोणावळ्यातून तीच गोळी घेऊन आला. तिथं कुणी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाक कोरडं होतं. पोरं शाळेत सोडून परतताना मात्र डोळा लागला आणि व्हॅन मोरीच्या कठड्यावर चढली. कपाळाला सात टाके पडले. गाडीत पोरं नव्हती, तरी आयांनी दुसरी व्हॅन लावली.

डॉक्टरनं नाकात मारायचा फवारा लिहून दिला. दोन दिवसांत गुण येईना, तसा महिपतीनं तो भिंतीवर भिरकावला. बायको, कस्तुराबाई, तो उचलून गुपचूप सारिकाकडं गेली.

"रोज मारायला सांगा, आठवडा तरी जाऊ दे," सारिका म्हणाली. "टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडं नाही, बाहेरच्या बाजूला." मग तिचा आवाज चढला. "आणि मी सांगितलं म्हणून सांगू नका. मला त्यांचं तोंडसुद्धा बघायचं नाही."

पण घरी कळलंच.

"तिच्या दारात गेलतीस?" महिपतीनं ताट ढकललं. जेवला नाही. फवारा मात्र मारला, रोज मारला.

दहाव्या दिवशी शिंका थांबल्या.

"आता तरी दोन शब्द बोला तिच्याशी," कस्तुराबाई म्हणाली.

"औषध कंपनीनं केलंय, तिनं न्हाई."

पुढं तो देहूरोडला एका गोदामावर रखवालदार म्हणून लागला. जाता-येता सारिका दुकानात दिसली की रस्त्याच्या कडेला थुंकायचा. तीही खाली मान घालायची नाही.