ओट्यावर ठेवलेली आत्या

नागपूरच्या बसस्टँडवर घेतलेल्या एका पातळशा पुस्तकाने माझी स्मरणशक्ती अफाट केली, असा माझा ठाम समज होता. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला दुसऱ्यांदा बसलो होतो, तरी समज काही ढळला नाही.

पुस्तकातली युक्ती सोपी होती. ओळखीचा रस्ता मनात धरायचा, लक्षात ठेवायची एकेक गोष्ट त्यावरच्या एकेका जागी ठेवायची, तीही विचित्र रूपात, आणि मग मनातल्या मनात तिथून चालत जायचं. मी आमची पांढुर्ण्याची गल्ली धरली. चार दिवस किराणा कागदाशिवाय आणला आणि घरादाराला वीट आणला.

तेवढ्यात ताईचं लग्न आलं. आमच्याकडे लांबच्यांना पत्रिका टपालाने जाते, जवळच्यांना मात्र घरी जाऊन अक्षत द्यावी लागते. ते हळदीचे तांदूळ हातात पडल्याशिवाय सख्खं माणूसही लग्नाला पाऊल उचलत नाही. सौंसर आणि मोहगावची घरं माझ्याकडे आली.

बाबा म्हणाले, "लिहून घे रे."

"कागद कशाले पाह्यजे, बाबा? डोक्यात आहे सारं."

बाबांनी त्या डोक्याकडे एकदा पाहिलं.

मी पाहुणे गल्लीत मांडले. सौंसरच्या काकांना पिठाच्या गिरणीत घातलं, एका हेडमास्तरांना हापशीला लटकवलं, संत्र्याच्या बगिचेवाल्या मामांना सायकलवाल्याच्या पंक्चर शोधायच्या पाण्याच्या घमेल्यात बसवलं. मोहगावच्या आत्याला कुठे ठेवायचं? तिला काय विसरणार! आमच्याकडे नवरीला पहिली हळद आत्यानेच लावायची. तिला मानाने आमच्याच ओट्यावर बसवलं आणि मी फिरायला निघालो.

सौंसरला हेडमास्तरांच्या हातावर अक्षत ठेवताना मला ते हापशीला लटकलेले दिसले आणि हसू फुटलं.

"काहून हासून राहिला बाप्पा?" त्यांनी विचारलं. मी ताईच्या लग्नाचा आनंद पुढे केला.

मोहगावची दोन घरंही झाली. एकही माणूस चुकला नाही, या मस्तीत मी संध्याकाळच्या बसने परतलो आणि बाबांना सगळी गल्ली गिरणीपासून शेवटच्या घरापर्यंत म्हणून दाखवली. बाबा मांडववाल्याशी बोलत होते. त्यांनी मान हलवली.

हळदीच्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "मोहगावच्या बाई अजून कशा नाही आल्या?"

मला ओटा आठवला. मनातल्या मनात मी रोज ओट्यावरून उतरूनच चालायला सुरुवात करत होतो. ओट्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. मोहगावात जाऊन आलो होतो, तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर.

"बस चुकली असंल. जाय, घेऊन ये," बाबा म्हणाले. खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. चिमूटभर अक्षता रुमालात बांधून पळालो.

आत्या दारातच बसली होती. शेजारी कुलूप लावलेली पेटी.

"चार दिवसांपासून भरून ठेवली," ती म्हणाली. "शेजारीण म्हणे, तू गावात येऊन गेला. अक्षत नाही आली त कशी येऊ रे? म्हटलं, माह्याकडून काही चुकलं असंल."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी तिच्या हातावर तांदूळ ठेवले आणि पुस्तकापासून ओट्यापर्यंत सगळं सांगून टाकलं.  तिने पेटी माझ्या डोक्यावर दिली आणि ती चालू लागली.

दुपारी घरी पोचलो तर ताई पाटावर बसून वाट पाहत होती. बाबा पुढे आले. "काहून वो बाई, इतका उशीर?"

मी तोंड उघडणार, तोच आत्या म्हणाली, "दिवसच विसरली मी. वय झालं आता."

घरातल्या प्रत्येकाची जन्मतिथी, प्रत्येक गाय कधी व्याली तेही जिला पाठ, ती हे म्हणाली. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. आत्याने ताईच्या गालाला हळद लावली, आणि बोटाला उरलेली माझ्या कपाळावर पुसली.