शेवंतीचा मऊ बिछाना

पागेत शिरले आणि पहिल्यांदा जाणवलं ते हे, की काहीच ऐकू येत नव्हतं.

घोड्यांची पागा कधी गप्प नसते. टापा आपटतात, शेपट्या फिरतात, कुणीतरी उगाच फुरफुरतं. त्या मंगळवारी भर दुपारी विलासरावांच्या पागेत सात घोड्या होत्या आणि त्यातल्या सहा जणी हलत नव्हत्या. पुढचे दोन्ही पाय पुढे टाकलेले, अंग मागे रेललेलं, माना खाली. सगळ्यांची उभं राहण्याची तऱ्हा एकच. डोळ्यावर माशी बसली तरी एकीनेही मान झटकली नाही. मी तोवर वीस वर्षं जनावरांची डॉक्टर होते, भिणं माझ्या स्वभावात नाही. पण त्या दारात माझे पाय क्षणभर थबकले, हे कबूल करते.

ही गोष्ट दोन हजार सालच्या आसपासची. विलासराव मूळचे पिंपळगाव बसवंतचे, कांद्याचे व्यापारी. नाशिकच्या गंगापूर रोडला, तेव्हा जिथे शहर संपून द्राक्षबागा सुरू व्हायच्या, तिथे त्यांनी घोड्या पाळल्या होत्या. लग्नसराईत वरातीला द्यायचे. घोड्या बघायचा तो सोमा. अशा माणसाला मोतद्दार म्हणतात. सोमा सुरगाण्याकडच्या डोंगरांतला, पन्नाशीचा, वीस वर्षं तिथेच. माणसांशी दिवसाला चार वाक्यं बोलायचा, बाकी सगळं घोड्यांशी.

त्याआधीच्या रविवारी सकाळी विलासरावांनी मला पहिल्यांदा बोलावलं तेव्हा दोनच घोड्या आजारी होत्या. त्यातली एक शेवंती. पांढरी, शांत, वरातीत कानाशी फटाके फुटले तरी न बिचकणारी. सोमाचा तिच्यावर जीव होता.

आजार ओळखायला मला पाच मिनिटं लागली. लॅमिनायटिस. घोड्याचं खूर म्हणजे जाडजूड नखच. आतल्या हाडाला ते नाजूक पडद्यांनी चिकटलेलं असतं. ते पडदे सुजले तर सूज जाणार कुठे? बाहेर टणक खूर. सुजलेलं बोट घट्ट अंगठीत अडकावं तसं होतं, फरक इतकाच की त्या बोटावर सगळ्या घोड्याचं वजन. फारच बिघडलं तर आतलं हाड सुटतं आणि तळव्याकडे उतरतं. मग देवही काही करू शकत नाही.

"चंदी किती घातली?" मी सोमाला विचारलं. चंदी म्हणजे घोड्याचं धान्य. ते जास्त झालं की हा आजार होतो.

"रोजचीच."

"ज्वारीच्या कणगीला तोंड लावलं असेल कुणी."

"नाय मॅडम. झाकण मीच लावतो."

मी कणगी बघितली, चारा बघितला, पाणी बघितलं. सगळं ठाकठीक. सोमा खोटं बोलतोय असं मला वाटलं, तेही कबूल करते. इंजेक्शनं दिली, पायांवर गार पाणी सोडायला सांगितलं आणि पुस्तकात असतो तो सल्ला दिला.

"खाली मऊ घाल. जाड. तळव्याला टोचता कामा नये."

ठाणात, म्हणजे घोडी बांधायच्या जागेत, आधीच छान भुसा पसरलेला होता. रंधा मारल्यावर लाकडाचे कुरळे छिलके निघतात ना, तसला. स्वच्छ, कोरडा, जरा काळपट, गोडसर कडू वासाचा. "शाबास," मी म्हटलं, "असाच पाहिजे. अजून घाल." सोमा खूश झाला. त्याला कुणी शाबास म्हणत नसे.

सोमवारी आजारी घोड्या चार झाल्या.

शेवंतीला आम्ही ओढत-ढकलत बाहेर जांभळाखाली नेलं आणि दिवसभर पायांवर नळी धरली. संध्याकाळपर्यंत तिने पाय उचलला, थोडा चारा खाल्ला. मला हायसं वाटलं. तिला आत नेऊन बांधायला सांगितलं आणि घरी आले. सकाळी विलासरावांचा फोन: शेवंती पहिल्यापेक्षा वाईट, आणि आणखी दोघी आजारी.

तर तो हा मंगळवार.

विलासराव ओट्यावर बसले होते. कपाळाला अंगारा. फाटकाशी सोमा, शेजारी त्याचं गाठोडं.

"मॅडम, मी काही येडा माणूस नाही," ते हळू म्हणाले. "पण तुम्हीच बघा. बाहेर नेली की घोडी बरी. आत आणली की पडते. शेडमध्येच काहीतरी हाय."

"काय आहे?"

"सकाळी दिंडोरीकडून देवऋषी आणला. त्याने प्रत्येक ठाणापुढे उभं राहून बघितलं. म्हणाला, ज्या हाताची माया जास्त, तोच हात लागलाय." त्यांनी फाटकाकडे बघितलं नाही. "मी हसणार होतो. पण मग मोजलं, मॅडम. शेवंती त्याची लाडकी, ती सगळ्यात आधी पडली, सगळ्यात जास्त पडली. मग चंपा, मग बाकीच्या. जितका लाड, तितका आजार. आणि ज्या घोडीला तो हात लावत नाही, ती एकटीच धडधाकट. पोलिसात देत नाही, पण गड्याला आज जायला सांगितलंय. आणि त्याच्या गावाला निरोप धाडलाय, असं असं झालं म्हणून."

तो निरोप गेला म्हणजे काय होतं, हे डोंगराकडच्या गावांत फिरलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. ज्याच्या हाताला दोष लागला असं ठरतं, त्याला नंतर कुणी हातात पाण्याचा तांब्याही देत नाही. पुढे काय काय होतं ते मी लिहीत नाही.

मला राग आला होता. पण त्यांनी मांडलेला हिशेब बिनचूक होता. मी पुन्हा आत गेले. पागा तशीच गप्प. सहा माना खाली, सगळ्या दाराकडे वळलेल्या, आणि तो गोडसर वास. आणि शेवटच्या ठाणात सातवी, पाय आपटत, दात विचकत उभी. तिचं नाव राणी, पण सगळे तिला कैदाशीणच म्हणत. दिसेल त्याला चावायची.

तीच का नाही?

मी तिच्या ठाणाशी वाकले. तिने माझ्या खांद्याचा लचका घेण्याचा प्रयत्न केला. मी मागे झाले, तोल गेला, हात जमिनीवर टेकला. हाताखाली उघडी फरशी होती आणि चार काड्या जुना भाताचा पेंढा.

मी तशीच फाटकापाशी गेले. "सोमा, हिला भुसा का नाही घातला?"

"ती आत शिरू देत नाय. चावते. तिला जुना पेंढाच."

"भुसा कधी आला?"

"शनवारी. चार पोती. मालकांच्या मेव्हण्यांचा कारखाना आहा ना, फर्निचरचा, तिथून. शेवंतीला पयला घातला. चांगला जाड. मग उरला तसा बाकीच्यांना. तुमी सांगितला म्हणून परवा आणि काल अजून घातला."

मूठभर भुसा घेऊन मी विलासरावांच्या घरात गेले आणि आमच्या कॉलेजातल्या जुन्या सरांना फोन लावला. सर निवृत्त होते आणि तिरसट होते.

"भुशाचा रंग?"

"चॉकलेटसारखा."

"सागाचा नव्हे?"

"नाही सर. परदेशी लाकूड असावं."

"ब्लॅक वॉलनट आहे का विचार. आणि ते नंतर विचार. आधी घोडी बाहेर काढ, मूर्ख मुली."

मेव्हण्यांना नंतरच विचारलं. "अमेरिकन वॉलनट, मॅडम," ते कौतुकाने म्हणाले. "एक्स्पोर्टची ऑर्डर आहे. एक नंबर माल."

हा किस्सा सांगितला की लोक पहिल्यांदा आपल्या घरातल्या अक्रोडाच्या डब्याकडे बघतात. खा, बिनधास्त खा. आपल्याकडे येतो तो काश्मीरचा अक्रोड, हा त्याचा अमेरिकेतला काळा चुलता. त्याची फळंही तिकडे माणसं आवडीने खातात. कवच फोडायला हातोडी लागते आणि हिरव्या सालीने हात काळे होतात ते आठ आठ दिवस निघत नाहीत. फर्निचरही खुशाल वापरा. पण ताज्या भुशावर घोडं नुसतं उभं राहिलं, तोंडही लावलं नाही, तरी एका दिवसात पाय जातात. भुशात थोडासा मिसळला असला तरी पुरे. नेमकं कोणतं द्रव्य, ते सरांनाही सांगता आलं नाही. दुसरा प्रश्न, हे झाड इथे लावावं का? त्याच्या मुळांशी टोमॅटो जगत नाही म्हणतात. मग टोमॅटो पिकवणाऱ्या नाशिककराने काय ते ठरवावं.

घोड्या बाहेर काढायच्या, हे बोलायला सोपं. शेजारच्या बागेतले दोन गडी, विलासराव आणि मी, चौघांनी जोर लावला. शेवंती इंचभर सरकली नाही. कशी सरकेल? प्रत्येक पाऊल म्हणजे मरण. शेवटी मी विलासरावांना म्हटलं, "फाटकावरच्या माणसाला बोलवा."

ते ओट्यावर जाऊन बसले.

"तुमचा देवऋषी बरोबर बोलला. हातानेच झालं. पण तो हात माझ्या सांगण्यावरून चालत होता. मला घालवून देता का?"

ते स्वतः उठून फाटकाकडे गेले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. सोमा आला, शेवंतीच्या पुढे उभा राहिला, दावं हातातही घेतलं नाही. नुसता मागे मागे चालत काहीतरी पुटपुटत राहिला, आणि ती त्याच्यामागे एकेक पाऊल टाकत उन्हात आली. मग बाकीच्या. सगळ्यांचे पाय साबणाने धुतले, गार पाणी सोडलं, भुसा पोत्यात भरून बाहेर काढला. विलासरावांनी त्याच दिवशी माणूस पाठवून गावाकडचा निरोप मागे घेतला. तो पोचलेला निरोप किती मागे येतो, ते मला माहीत नाही.

पाच घोड्या आठवड्याभरात चालायला लागल्या. शेवंती नाही. तिच्या ठाणात भुसा सगळ्यात जाड होता. आठव्या दिवशी तिच्या तळव्यावर चंद्रकोरीसारखा फुगवटा दिसला. आतलं हाड उतरलं होतं. तिला कायमचं झोपवण्याचं इंजेक्शन मीच दिलं, जांभळाखाली. सोमाने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

मग तो म्हणाला, "मॅडम, मी कमी घातला असता तर?"

खोटं बोलायची फार इच्छा झाली. "तर वाचली असती," मी म्हटलं. "पण जाड घाल असं मी सांगितलं होतं."

"म्हणजे दोघांनी मिळून," तो म्हणाला, आणि तिच्या कानामागे चिकटलेला एक काळपट छिलका काढून खिशात ठेवला. का, ते मी विचारलं नाही.

सोमा तिथेच राहिला. त्यानंतर दर नव्या पोत्यावर तो आधी स्वतः अनवाणी उभा राहायचा, रात्रभर वाट बघायचा आणि मगच घोड्यांना घालायचा. त्याने काही कळत नाही, घोड्याला होतं ते माणसाला होत नाही, हे मी त्याला दोनदा समजावलं. तो ऐकून घ्यायचा आणि उभा राहायचाच.

मीही सुधारले. तोवर कुठल्याही गोठ्यात गेले की आधी जनावर बघायचे, मग दावण, मग चारा. त्यानंतर आधी जमीन बघायला लागले, मग वर नजर. नव्या मालकांना वाटायचं, बाई फार लाजाळू आहे.