समोर बसा

सत्यशीलानं फॉर्ममध्ये 'जाड' भरलं आणि धाकटा भाऊ संपत तिच्याशी दोन दिवस बोलला नाही.

साल २००५. कुंभार पिंपळगावच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेवर ती मास्तरीण. वय तेहतीस, वजन ब्याण्णव किलो. तिनं स्वतः ते कधी लपवलं नाही, मग आपण तरी कशाला कुजबुजायचं? नऊ पाहुणे तिला बघून गेले होते. नवव्या वेळी मुलाच्या मावशीनं प्लास्टिकची खुर्ची मागं ओढून घेतली आणि म्हणाली, पोरीला सतरंजीवरच बसू द्या, खुर्ची पाहुण्यांची हाये. सगळे हसले. तिची आई झुंबरबाईही हसली, आणि तेच तिला लागलं. त्या दिवशी तिनं सांगून टाकलं, या घरात पोह्याचा कार्यक्रम आता बंद.

पगारवाढीसाठी मास्तरांना कॉम्प्युटरची परीक्षा द्यावी लागायची. ती द्यायला जालन्याला गेली तेव्हा तिला कळलं, की लग्न जुळवायच्या वेबसाइटवर आपली माहिती आपणच टाकता येते. मध्ये मामा नको, मध्यस्थ नको. रविवारी स्टँडजवळच्या इंटरनेट कॅफेत बसून तिनं रकाने भरले. धर्म बौद्ध, शिक्षण डी. एड., नोकरी कायम. पुढं 'बांधा'. सोबत आलेला संपत हळूच म्हणाला, "ताई, मध्यम टाक. बोलणं सुरू झालं की मंग बघू."

"मंग काय बघणार? भेटायच्या दिवसापर्यंत मी वाळणार हाये का?"

फोटोही तिनं गळ्यापर्यंतचा टाकला नाही. उभा टाकला, पायापर्यंतचा.

उत्तरं आली. कुणी साडीशिवायचा फोटो मागितला. एकानं वजन उतरवायची पावडर विकायला काढली. एका पन्नाशीच्या विधुरानं लिहिलं, तुमच्यासारखीनं निवड करून चालत नसतं. ती एकेक पुसत गेली आणि ठेच खात स्वतःचे नियम करत गेली. फोन नंबर द्यायचा नाही, शाळेचं नाव सांगायचं नाही. भेटायचंच झालं तर दिवसा, माणसांच्या गर्दीत, आणि मैत्रीण कौसल्या नजरेच्या टप्प्यात पाहिजे.

मग कडूबाची पत्रं सुरू झाली. मूळचा हसनाबादचा, जालन्यात बियाण्याच्या एका कंपनीत नोकरीला. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचा. उभा फोटो टाकला ते आवडलं, एवढंच तो फोटोबद्दल बोलला. बाकी आज वर्गात काय शिकवलं, पोरं काय म्हणाली, हेच विचारायचा. चार महिने ती दर रविवारी पहिल्या एसटीनं जालन्याला गेली. वह्या तपासताना मधेच एकटीच हसायची.

भेटायचं ठरलं. तो म्हणाला मित्राच्या खोलीवर. ती म्हणाली स्टँडच्या कँटीनमध्ये. तो लगेच बरं म्हणाला, म्हणून तिच्या मनात त्याचा भाव वाढला.

तो आला. "नमस्कार मॅडम" म्हणाला आणि मागच्या टेबलावर, तिच्या पाठीला पाठ लावून बसला. तिला वाटलं, माणूस लाजाळू, आपलं नाव खराब होऊ नये म्हणून जपून राह्यला. तसेच ते वीसेक मिनिटं बोलले, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत. पण दारातून कुणी आत आलं की त्याचं बोलणं तुटायचं आणि पाठीमागं पेपर उघडल्याची फडफड व्हायची. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा ती म्हणाली, "इकडं समोर येऊन बसा ना."

"इथं कंपनीची माणसं येत राह्यतात, मॅडम. काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

 त्याचा आवाज खाली आला. "तुमच्याशी बोलायला मला बराबर आवडतं, बिलकुल खोटं न्हाई. पण घरी न्हाई सांगता येणार. आपण असंच भेटत जाऊ. खोली हायेच."

सत्यशीला उठली. खुर्ची फरशीवरून ओढत तिनं त्याच्या टेबलाच्या पलीकडं नेली आणि त्याच्या पुढ्यात बसली. सगळं कँटीन वळून बघायला लागलं.

"आता बोला. पाठीला सांगितलं ते तोंडावर सांगा."

त्यानं मान वर केली नाही. पेपरची घडी घातली, बॅग उचलली आणि निघून गेला. पलीकडच्या टेबलावरून कौसल्या तावातावानं उठली होती. तिचा हात धरून सत्यशीलानं तिला खाली बसवलं.

"चार महिने, कौसल्ये," ती म्हणाली. "चार महिने मला वाटलं, ह्याला माझी लाज न्हाई."

पुढच्या रविवारी ती पुन्हा कॅफेत गेली. त्याचं पत्र आलं होतं. माफ करा, पण सगळ्यांसमोर तुम्ही तसं करायला नको होतं, माझी इज्जत गेली. बघा, इज्जत गेली ती कुणाची!

तिनं उत्तर लिहायला घेतलं, अर्धं लिहून पुसलं, आणि पुन्हा पत्र येऊ नये म्हणून साइटवर त्याचं नाव बंद करून टाकलं. दुसऱ्या कुणाचं पत्र नव्हतं. कॅफेचा तास संपायला चाळीस मिनिटं होती. ती तशीच त्या पडद्यापुढं बसून राहिली.