पायाळूची सायकल

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी माझे पाय आधी बाहेर आले. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी ही बातमी वॉर्डभर केली आणि तिथून ती आमच्या मोहल्ल्यात पोचली. कुणाच्या कंबरेत उसण भरली की तो आमच्या ओसरीवर येऊन पालथा पडायचा आणि पायाळूच्या लाथेनं उसण जाते म्हणून मी त्याला लाथ मारायची. मोठ्या माणसांना लाथा मारायची ही मुभा मला फार आवडे. दुसरी बाजू मात्र मुळीच आवडत नसे. पायाळूवर वीज पडते, असं आईचं ठाम मत होतं. आभाळ गुरगुरलं की ती मला लाकडी बाजेवर बसवायची आणि लोखंडाला हात लावू द्यायची नाही.

अकरावीच्या वर्षी आमच्या शाळेतल्या एका मुलीच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी सायकल फेरी निघणार होती, वर्धेहून केळझरच्या गणपतीपर्यंत. जितके किलोमीटर, तितकी मदत. ज्यांनी ज्यांनी माझ्या लाथा खाल्ल्या होत्या, त्या सगळ्यांकडून मी दर किलोमीटरमागे पैसे द्यायची कबुली घेऊन ठेवली होती.

फाल्गुनातला रविवार होता. पहाटे तारे होते आणि निघायच्या वेळेला उत्तरेकडून काळंकुट्ट आभाळ चढलं. आई दारातच बसली. सायकल म्हणजे नुसतं लोखंड, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. वीज कुणाची जन्मकथा विचारून पडत नाही, असं मी पुस्तकातलं सगळं तिला ऐकवलं. ती हलली नाही. मी रडकुंडीला आले.

बाबा एवढा वेळ चहा पीत होते. किराणा दुकानात बसून बसून त्यांना वाद मिटवायची सवय झाली होती. त्यांनी कप खाली ठेवला.

"हिच्या बदल्यात मी जातो," ते म्हणाले. "मी काही पायाळू नाई."

त्यांची मोठी बहीण, माझी आत्या, चार दिवसांसाठी माहेरपणाला आली होती. ती गहू निवडत होती. तिचे हात थांबलेले मला दिसले, पण तेव्हा मी रागात होते. बाबा माझ्याच सायकलवर बसून निघाले. सगळे तोवर पुढे गेले होते, म्हणून बाबा मागून येताहेत असं मी फेरी काढणाऱ्या सरांना फोनवर कळवलं.

थोड्याच वेळात गारा सुरू झाल्या. टिनांवर असा मारा होता की एकमेकींचं बोलणं ऐकू येईना. विजा तर थेट अंगणात उतरत होत्या. मी बाजेवर, आई दारात. मग फोन वाजला. सर बोलत होते. त्यांनी सगळ्यांना पवनारहून मागे फिरवून एका शाळेत बसवलं होतं. तुझे बाबा आमच्यात नाहीत, घरी पोचले का, असं त्यांनी विचारलं.

मी आईला सांगितलं तशी आत्या सूप टाकून उठली.

"तोही पायाळूच हाय," ती म्हणाली. "मायनं मले शपथ घातली होती."

पायाळूला पुरलेलं धन दिसतं म्हणून गुप्तधन शोधणारे असं पोर पळवून नेतात, अशी बाबांच्या जन्माच्या वेळी गावात दहशत होती. म्हणून आजीनं ते सगळ्यांपासून लपवलं होतं, सुनेपासूनसुद्धा. आई उंबऱ्यावर येऊन रस्त्याकडे बघत राहिली. मला तिला विजेबद्दलचं पुस्तकातलं सांगायचं होतं. पण माझं सगळं सायन्स त्या एका वाक्यानं धुऊन गेलं होतं. प्रत्येक कडकडाटाला मला गव्हाच्या शेतात आडवी पडलेली माझी सायकल दिसत होती. मी इतकी घाबरले होते की ज्या देवांना कधी नमस्कार केला नव्हता त्यांनाही मी नवस बोलले.

दुपार कलल्यावर बाबा आले. चालत. कपाळावर टेंगूळ, गुडघ्यापर्यंत चिखल. आईनं त्यांना आधी हातांनी चाचपून पाहिलं आणि मगच सायकल कुठे म्हणून विचारलं.

"पवनारच्या अलीकडे, गव्हात फेकली," ते म्हणाले. "अन् दूर जाऊन नालीत बसून राह्यलो."

"काऊन?" आईनं कारण विचारलं.

बाबांनी आत्याकडे पाहिलं. आत्या खाली सांडलेले गहू वेचू लागली. काडेपेटी ओली झाली तरी हळहळणाऱ्या माणसानं अख्खी सायकल फेकून दिली होती. म्हणजे आपणही पायाळू आहोत, हे त्यांना ठाऊक होतं. आईइतकीच त्यांनाही भीती होती, आणि तरी ते माझ्या जागी गेले होते.

बाहेर पुन्हा गुरगुरलं. आईनं बाज भिंतीपासून पुढे ओढली.

"बसा," ती म्हणाली. "दोघंही."

बाबा ओल्या कपड्यांनिशी माझ्या शेजारी बसले. बाज थरथरत होती. मला वाटलं मीच कापतेय, म्हणून मी पाय घट्ट धरून ठेवले. बाज तरीही थांबेना.